हिरव्या वायरीवरची जांभळी रेघ

"अरे, तू ब्रेक मारतोस की नुसता मनात आणतोस?"

मेडनहेडच्या अलीकडे लाल सिग्नलला थांबलो होतो. मागच्या गाडीतून मित्र उतरून तरातरा माझ्या दाराशी आला आणि हे म्हणाला. स्लाउला एकांच्या घरी गणपतीची आरती आणि जेवण आटोपून आम्ही दोन गाड्या घेऊन ए-फोर रस्त्यानं रेडिंगला परत निघालो होतो. पुढं मी माझ्या १९६६ च्या एमजीबीत, छप्पर उघडं, शेजारी मुलगी, तिच्या मांडीवर मोदकांचा डबा. मागं तो, वहिनी आणि माझी बायको.

"तीनदा तुझ्या डिकीत घुसता घुसता वाचलोय. तुझे ब्रेक लाइट लागतच नाहीत."

उरलेला सगळा रस्ता मी हातानं काढला. इथल्या हायवे कोडात अजूनही हाताच्या खुणा आहेत. वेग कमी करायचा किंवा थांबायचं असेल तर उजवा हात बाहेर काढायचा, तळवा खाली आणि हात सावकाश वरखाली. सातारला आरटीओच्या साहेबांसमोर लायसनसाठी हेच करून दाखवलं होतं, त्यानंतर थेट आता. ट्वायफर्डजवळ फुटपाथवरच्या एका आजीबाईंना वाटलं मी त्यांनाच हात करतोय. त्यांनीही केला. मुलगी हसून हसून बेजार.

मला हसू येत नव्हतं. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना, त्यांत फार मोठे बदल केलेले नसतील तर, मे २०१८ पासून दरवर्षीच्या एमओटी तपासणीतून सूट आहे. जुनी गाडी बाळगणाऱ्यांना हे फार गोड वाटतं. पण त्याचा उलटा हिशेब असा की माझे दिवे लागतात की नाही हे बघणारा माणूस जगात एकच, तो मी. आणि मी पेडलवर पाय ठेवून बसलेला असताना मागं जाऊन बघू शकत नाही. ते किती दिवस बंद होते देव जाणे.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. एमजीबी ही ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली दोन सीटची गाडी. ॲबिंग्डन माझ्या घरापासून तासाभराच्याही आत आहे. इंजिन १७९८ सीसीचं, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजमधलं. याच इंजिनाचा १४८९ सीसीचा भाऊ आपल्या अँबॅसिडरच्या बॉनेटखाली वर्षानुवर्षं घरघरला. म्हणून तर ही गाडी घेतली तेव्हा बाबांनी फोटो बघून नाव विचारलं नाही. "बॉनेट उघडून दाखव," म्हणाले, आणि मग, "आरं, हे तर आपलंच इंजिन!"

बाबांचं कराडला स्टँडमागं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. तीस वर्षं अँबॅसिडर, फियाट, मॅटाडोर आणि ट्रकांच्या वायरी सोलल्या. मी शिकलो कॉम्प्युटर. त्यांच्या दुकानात माझं काम सुट्टीत चहा आणायचं.

आणखी एक गोष्ट. या गाडीचं अर्थिंग पॉझिटिव्ह आहे. म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला, आणि निगेटिव्ह वायरींमधून गाडीभर. एमजीबीला १९६७ च्या अखेरीपर्यंत असंच होतं, नंतर कंपनीनं उलटं केलं. बॅटरीसुद्धा एक नाही, सहा-सहा व्होल्टच्या दोन, सीटांच्या मागं गालिच्याखाली खड्ड्यात निजलेल्या. पहिल्यांदा मीटर लावला तेव्हा सगळीकडे उणे बारा दिसलं आणि मी अर्धा तास मीटरलाच शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडलं. फ्युजबॉक्स उजव्या हाताच्या पत्र्यावर, त्यात काचेचे फ्युज दोनच. एक तपकिरी वायरीतून जांभळीत जाणारा: हॉर्नसाठी, चावी असो-नसो कायम चालू. दुसरा पांढरीतून हिरवीत: चावी फिरवल्यावर जिवंत होणाऱ्या गोष्टींसाठी. त्यात वायपर, इंडिकेटर, पेट्रोलचा काटा आणि ब्रेक लाइट. साइड लाइटला तर फ्युजच नाही, रामभरोसे. चावी फिरवली. मागं उजव्या चाकाजवळचा पेट्रोलपंप टक-टक-टक करून शांत झाला. इंडिकेटर चालू, पेट्रोलचा काटा वर. म्हणजे फ्युज शाबूत. इथवर माझं डोकं नीट चाललं.

चावी अशी उघडी ठेवून काम करायचं तर एक काळजी घ्यावी लागते, ती शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून सांगितली. जुन्या गाडीत ठिणगीसाठी कॉइल नावाची गुंडाळी आणि तिचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट असतात. इंजिन बंद ठेवून चावी चालू ठेवली, आणि पॉइंट नेमके मिटलेले असले, तर कॉइलमधून करंट वाहत राहतो आणि ती तापते. म्हणून कॉइलवरची पांढरी वायर आधी काढून ठेवायची. आजोबा टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, तरुणपणी त्यांच्याकडेही एमजीबी होती. "लुकासच्या स्विचला तीन जागा असतात," ते म्हणाले, "बंद, मिणमिण आणि गुल." लुकास म्हणजे या गाड्यांचं विजेचं सामान बनवणारी कंपनी. हा विनोद इथं जुन्या गाडीशेजारी उभा राहणारा प्रत्येक जण सांगतो आणि तो पहिल्यांदाच सुचल्यासारखा सांगतो. मला तो पटत नाही. साठीला आलेल्या गाडीत वायर बनवणाऱ्याचे दोष शोधण्यापेक्षा, मधल्या साठ वर्षांत कोणी कोणी तिथं पक्कड घातली ते शोधावं. आणि रंगांची ती पद्धत! तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरी म्हणजे चावीनंतर, हिरवी म्हणजे चावी आणि फ्युज दोन्हींनंतर, काळी म्हणजे अर्थ. मूळ रंगावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ आली की समजायचं, वायर कुठल्यातरी स्विचमधून पुढं गेली. हिरवीवर जांभळी रेघ म्हणजे ब्रेकच्या स्विचकडून मागच्या दिव्याकडे. व्याकरण आहे ते. आमच्या ऑफिसातल्या कोडला एवढी शिस्त नाही.

मागच्या दिव्यांच्या काचा काढल्या. बल्ब २१ आणि ५ वॅटचे, एकाच काचेत दोन तारा: २१ ची ब्रेकला, ५ ची रात्रीच्या दिव्याला. बुडाच्या दोन खिळ्या एका पातळीत नसतात, म्हणून उलटा बसत नाही. दोन्ही बल्ब टेबलावर बॅटरीला लावून बघितले, झगझगीत. मुलीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. तिचा पाय पुरेना, म्हणून ती सीटच्या टोकाशी घसरून पेडलवर जवळजवळ उभीच राहिली.

"दाब."

"दाबलं."

होल्डरच्या टोकाशी मीटर: १२.१ व्होल्ट. दोन्ही बाजूंना. उत्तम. बल्ब बसवला. काही नाही. बल्ब काढला, पुन्हा बारा. बल्ब बसवला, अंधार.

"बाबा, सोडू का? पाय दुखतोय."

करंट येतोय, बल्ब चांगला आहे, तरी दिवा नाही. मला हे काही केल्या पटेना. मी होल्डर पॉलिश पेपरनं घासला, बल्बचं बूड घासलं, होल्डरमधली स्प्रिंग ओढून वर काढली. बाहेर ऊन होतं म्हणून दिसत नसेल, असं समजून हातानं आडोसा केला तर आत तार निखाऱ्यासारखी जेमतेम लाल दिसली. मुलीला दहा पाउंड कबूल करून सुट्टी दिली आणि झाडूचा दांडा कापून सीट आणि पेडल यांच्यामध्ये अडकवला. पुढचे तीन आठवडे हा दांडा माझा मदतनीस होता. तो पैसे मागत नाही.

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. इथं सकाळचे दहा, तिथं दुपारचे अडीच, म्हणजे त्यांची वामकुक्षी. आईनं उठवलं. मी मीटर कॅमेऱ्यासमोर धरला, बल्ब काढून बारा दाखवले, बल्ब घालून अंधार दाखवला. बाबा डोळे चोळत बघत होते.

"त्या मीटरला काय विचारतोस? त्याला पाणी लागतच नाही."

"म्हणजे?"

"नळाला पाइप लावलाय, पाइपात बोळा बसलाय. तोंडावर बोट दाबून धरलंस तर बोटाला प्रेशर लागंल का नाही? लागंल. बोट काढलं की धार पडती का बघ. मीटर म्हणजे बोट. बल्ब म्हणजे धार. एक बल्ब घे, त्याला दोन वायरी डाग देऊन लाव, आणि त्यानं बघ."

इंटरनेटवर दोन रात्री वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते इथं शिरलं. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळं वाटेत जोड कितीही कुजका असला तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. २१ वॅटचे दोन बल्ब साडेतीन अँपिअर मागतात, आणि तेवढा करंट वाहायला लागला की प्रत्येक कुजका जोड आपापला वाटा कापून घेतो. मोजायचं ते बल्ब लावलेला असताना. बल्ब होल्डरमध्येच ठेवून, मागच्या टोकाला मीटरची काडी टेकवून पुन्हा वाचलं: तीन व्होल्ट. बॅटरीवर १२.४. सव्वानऊ-साडेनऊ व्होल्ट वाटेत कुठंतरी गायब.

बाबांनी सांगितल्याप्रमाणं टेस्ट लॅम्प केला. जुन्या २१ वॅटच्या बल्बच्या बुडाला दोन वायरींचे डाग, टोकांना क्रोकोडाइल क्लिपा. एक क्लिप बॉडीला, दुसरी फ्युजबॉक्सच्या हिरव्या वायरीवर: लख्ख. दुसरी क्लिप ब्रेकच्या स्विचच्या पहिल्या टोकाला: लख्ख. दुसऱ्या टोकाला, म्हणजे जांभळी रेघ सुरू होते तिथं, दांडा लावून: लालसर काजवा.

सापडला!

या गाडीला ब्रेकचा स्विच पेडलजवळ नसतो. मास्टर सिलिंडरकडून आलेल्या ब्रेकच्या नळीला फाटे फुटतात तिथं पितळी जोडात तो पेचासारखा बसवलेला असतो आणि तेलाच्या दाबावर चालतो. स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडल्या, आणि मागं जाऊन बघितलं तर दोन्ही दिवे लागलेले. नारिंगी, पण लागलेले. मी तिथंच ड्राइव्हवेवर दोन्ही हात वर करून उभा राहिलो. आजोबांनी खिडकीतून अंगठा दाखवला.

नारिंगी. इथं मी थांबायला हवं होतं. ब्रेक लाइटचा रंग त्याच्या काचेचा असतो, काच काढल्यावर बल्ब पांढराच दिसायला पाहिजे. पण माणसाला उत्तर सापडलं की तो प्रश्न बघायचं सोडून देतो.

नवा स्विच मागवला. बसवताना जुना काढल्या काढल्या ब्रेक ऑइल ठिबकायला लागतं. ते रंगाला खातं, म्हणून खाली चिंध्यांचा ढीग आणि शेजारी पाण्याचा मग. स्विचची आटी निमुळती असते, त्यामुळं वायसर लागत नाही, हातानं लावून पान्यानं वेढाभर घट्ट केलं की झालं. मित्राला बोलावून ब्रेकची हवा काढली. संध्याकाळी चावी फिरवली, पेडल दाबलं, मित्र मागं उभा.

"लागले," तो म्हणाला. "पण आरास संपत आल्यावर बॅटरीचे दिवे होतात ना, तसे."

मीटर: ७.३.

व्होल्टेज आणि उजेड हे एका प्रमाणात चालत नाहीत. साध्या तारेच्या बल्बला बारातले नऊ व्होल्ट मिळाले तर उजेड पाऊणपट राहत नाही, निम्म्याच्याही बराच खाली जातो. सात म्हणजे तर नुसती पणती. आणि नव्या स्विचचा आणखी एक नखरा होता. जुना हलक्या पायाला दाद द्यायचा, हा जोरात दाबल्याशिवाय चालूच होत नव्हता. कोणी बनवला ते सांगत नाही, पण बनवणाऱ्यानं एकदा तरी गाडी चालवून बघावी.

मध्ये एक आठवडा मी वाकड्या वाटेला गेलो. ऑफिसातल्या एकानं सुचवलं, एलईडी बल्ब लाव, त्यांना करंट कमी लागतो. खरंच होतं ते. करंट कमी म्हणजे कुजक्या जोडातही व्होल्टेज फार पडणार नाही आणि दिवा झक्क लागेल. मागवले. लागलेच नाहीत, कारण ते निगेटिव्ह अर्थच्या गाड्यांसाठी होते आणि माझी गाडी उलटी. पॉझिटिव्हसाठी वेगळे मिळतात. बाबांना विचारलं, ते मागवू का? "पाय मोडलाय, तू पायजमा बदलतोयस," बाबा म्हणाले. आईनं मागून विचारलं, "कुणाचा पाय मोडला?"

मग मी शहाण्यासारखा टेस्ट लॅम्प घेऊन पुन्हा सुरुवातीपासून निघालो. फ्युजच्या आधी लख्ख, नंतर किंचित कमी. स्विचच्या आधी, नंतर, ठीक. तिथून हिरवी-जांभळी वायर फ्युजबॉक्सच्या खालच्या जंजाळात शिरते. पुढच्या वायरिंगचा आणि मागच्या वायरिंगचा सांधा तिथं आहे: दहाबारा वायरी, प्रत्येकीच्या टोकाला पितळी गोळी, आणि दोन दोन गोळ्या समोरासमोर काळ्या रबरी नळकांडीत खुपसलेल्या. यांना बुलेट कनेक्टर म्हणतात. मागचं वायरिंग तिथून गाडीच्या पोटाखालून डिकीकडे जातं, म्हणजे पावसाचं, मिठाचं, चिखलाचं सगळं त्याच्या अंगावर. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात.

साठ वर्षांनी रंग रंग राहत नाहीत. हिरवी-जांभळी समजून मी एक नळकांडं ओढलं. दिव्यांवर काही परिणाम नाही. दुसरं बघायला वाकलो आणि सहज नजर डॅशबोर्डवर गेली तर पेट्रोलचा काटा झोपत चाललेला. एकदम पडला नाही. घरातलं एखादं माणूस बसल्या जागी पेंगत जातं तसा, सावकाश, अर्ध्यावरून पाववर, पाववरून खाली. टाकी गळतेय! मी गाडीखाली आडवा झालो. सगळं कोरडं ठणठणीत. आजोबा काठी टेकत आले, माझ्या हातातली वायर उजेडात धरली, नखानं मळ खरवडला. हिरवीवर काळी रेघ. ती पेट्रोलच्या टाकीतल्या तरंगत्या गोळ्याकडून येणारी. गोळी परत खुपसली, काटा तितक्याच सावकाशीनं उठून बसला. त्याच्या आत तापून वाकणारी पट्टी असते, म्हणून त्याला कसलीच घाई नसते.

मग प्रत्येक वायर ओल्या फडक्यानं पुसली. जांभळी रेघ सापडली. नळकांडीच्या अलीकडच्या गोळीला टेस्ट लॅम्प: चांगला. पलीकडच्या गोळीला: मिणमिण. मधल्या दोन सेंटिमीटरात मीटरनं चार व्होल्ट दाखवले. बॅटरी सुटी केली आणि गोळी ओढली. येईना. रबर दगडासारखं झालेलं. ब्लेडनं उभं चिरलं तेव्हा आतली पत्र्याची नळी दिसली, आणि तिच्यावर ती हिरवी-पांढरी बुरशी, देवघरातल्या तांब्याच्या पळीवर महिनाभर हात लावला नाही तर धरते ना, अगदी तीच. गोळी नळीत नुसती टेकून होती. जिथं टेकत होती तिथं खसखशीएवढा ठिपका चकचकीत, बाकी सगळं काळं. दोन्ही दिव्यांचा सगळा करंट त्या खसखशीतून जात होता.

नव्या गोळ्या डाग देऊन बसवल्या, नवं नळकांडं घातलं, आणि आता हात लागलेच आहेत म्हणून उरलेल्या सगळ्या जोडांनाही तेच केलं. दोन संध्याकाळी गेल्या. फ्युजच्या चिमट्या ब्रशनं घासल्या, तिथलाही अर्धा व्होल्ट परत मिळाला. पेडलला दांडा लावला. डावा दिवा पांढरा झोत, ११.५ व्होल्ट. उजवा? साडेआठ.

आता मला राग येईनासा झाला होता. उलट मजा वाटायला लागली होती. एक चोर पकडला की त्याच्या पाठीमागं दुसरा उभा असतो, आणि पहिला मोठा असेपर्यंत दुसरा दिसतच नाही.

दोन्ही दिव्यांची वाट डिकीपर्यंत एकच, तिथून फाटा. म्हणजे गडबड डिकीत, उजवीकडे. आतलं पांघरूण उचललं तर उजव्या दिव्याच्या वायरीला एक निळं प्लास्टिकचं चिमटं लावलेलं. आधीच्या कुठल्यातरी मालकानं ट्रेलर ओढायला मागं हूक बसवला असणार, आणि ट्रेलरच्या दिव्यासाठी ब्रेकची वायर न सोलता या चिमट्यानं टोचून घेतली असणार. हूक कधीच गेला, चिमटा राहिला. या चिमट्याच्या आत पात्यासारखा पत्रा असतो, तो वायरीचं आवरण चिरून तांब्यापर्यंत जातो. या वायरीत चौदा धागे. चिमटा काढून मोजले तर पाच शाबूत, तेही काळे पडून करकरीत झालेले, बाकीचे कापलेले. बोटानं वाकवलं तर त्यातला एक माझ्यासमोर तुटला.

तेवढा तुकडा कापून नवा जोड दिला. उजवा ११.२. मी पुन्हा हात वर करणार होतो, पण शिकलो होतो. आधी रात्रीचे दिवे चालू केले आणि मग दांडा लावला. उजव्या बाजूला ब्रेक लाइट लागल्यावर शेजारचा इंडिकेटर, ज्याला कुणी काही सांगितलेलं नाही, तो अंगातून मंद उजळला. कराडच्या दुकानात हे मी शंभरदा बघितलंय: ट्रकचा ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतो, आणि बाबा जागेवरून न उठता ओरडतात, "अर्थ!" करंटला घरी जायची वाट मिळाली नाही की तो शेजाऱ्याच्या दारातून घुसतो. उजव्या दिव्याची काळी वायर डिकीच्या पत्र्याला एका स्क्रूनं लावलेली होती, आणि मागे कधीतरी गाडीला रंग देताना त्या स्क्रूखालीही रंग गेलेला. वायरीच्या टोकाची कडी, म्हणजे थिंबल, बदललं, पत्रा उघडा होईपर्यंत घासला, दातेरी वायसर घातलं, वरून व्हॅसलिनचं बोट. इंडिकेटर गप्प.

शेवटचं काम नव्या स्विचचं. पुन्हा ब्रेक ऑइल सांडायची माझी इच्छा नव्हती, पण तोच एक स्विच साडेतीन अँपिअर पेलत राहिला तर त्याचीही टोकं जळणार. म्हणून रिले, म्हणजे विजेनं चालणारा दुसरा स्विच, घातला. आता स्विच फक्त रिलेच्या गुंडाळीला जागं करतो, त्याला करंट नावापुरता लागतो. दिव्यांचा करंट फ्युजबॉक्सच्या हिरवीतून थेट रिलेतून जातो. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत रिले घेताना एवढंच बघायचं की त्याच्या आत डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, नको, नाहीतर उलटा लागला की शॉर्ट. आजोबांना रिले आवडला नाही. १९६६ च्या गाडीत १९६६ ला नसलेली वस्तू, असं त्यांचं म्हणणं. बाबांना आवडला. "अँबॅसिडरच्या हेडलाइटला आम्ही हेच करायचो," म्हणाले, "गिऱ्हाइकाला सांगायचो, चष्मा बदलला." जोरात दाबायचं दुखणं मात्र रिलेनं जात नाही, ते स्विचच्या पोटातलं आहे. चांगला स्विच मिळेपर्यंत मी ब्रेकवर पाय जरा लवकर आणि दमदार ठेवतो.

कायदा बघायला गेलं तर १९७१ च्या आधीच्या गाडीला इथं एक ब्रेक लाइट असला तरी चालतो. हे मला सगळं झाल्यावर कळलं. मित्राला सांगितलं तर म्हणाला, "मग मी कुठल्या बाजूनं तुझ्या मागं राहू ते सांग."

जुना स्विच फेकवला नाही. एका रविवारी तो व्हाइसमध्ये धरून करवतीनं कापला. बेकलाइटसारखं काळं डोकं, खाली धातूचा गळा. आत एक रबरी पडदा, त्यावर आठ आण्याच्या नाण्याहून लहान पत्र्याची चकती. तेलाच्या दाबानं पडदा फुगतो, चकतीला ढकलतो, चकती दोन टोकांना टेकते. टोकांवर बारीक खड्डे पडलेले, कडेनं काजळी, आणि चकतीवर त्याच खड्ड्यांचे उलटे डाग, समोरासमोर ठेवले तर बरोबर जुळणारे. जवळून फोटो काढून बाबांना पाठवला.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर बऱ्याच वेळानं.

"दुकान बंद केलं तेव्हा असले डबाभर भंगारात घातले. एक ठेवायला पायजे होता."